विंडोज एसएसडीवर, पण बूट हार्डडिस्कवरून: एका डेस्कटॉपची बूट ड्राइव्ह बदलताना

आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, १६ जीबी रॅम, १२० जीबीची साटा केबलने जोडलेली एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी ड्राइव्ह) आणि सोबतीला १ टीबीची फिरत्या तबकड्यांची हार्डडिस्क. मालक इमारतींची ड्रॉइंग करतात, मी त्यांना काका म्हणतो. मशीनची मांडणी नेहमीचीच: एसएसडीवर सी ड्राइव्ह आणि त्यावर विंडोज १०, हार्डडिस्कवर डी ड्राइव्ह आणि त्यावर सगळं काम.

तक्रार महिनाभर जुनी होती. डी मधलं एखादं फोल्डर उघडलं की वरची हिरवी पट्टी रेंगाळत राहायची, मग माउससुद्धा हलेना आणि शेवटी पॉवर बटण दाबून धरण्याशिवाय इलाज उरायचा नाही. काकांना व्हायरसचा संशय आला, म्हणून त्यांनी पूर्ण स्कॅन लावलं. ते अर्ध्यातच अडकलं. मग कुणीतरी त्यांना सांगितलं, "विंडोज एसएसडीवर आहे ना? हार्डडिस्क खराब झालीय, ती काढून टाका, मशीन सुसाट चालेल." सल्ला तर्काला धरून होता. काकांनी हार्डडिस्कची केबल काढली, मशीन चालू केलं, आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ आली: बूट करण्यासारखं, म्हणजे मशीन सुरू करण्यासारखं, काही सापडत नाही.

माझ्याकडे फोन आला तेव्हा त्यांचा निष्कर्ष ठरलेला होता. "दोन्ही गेल्या रे. हार्डडिस्कही गेली आणि एसएसडीही."

"काका, एसएसडीचं नंतर बघू. ती हार्डडिस्क मात्र आता पुन्हा जोडू नका, मी येईपर्यंत मशीन बंदच ठेवा," एवढंच मी सांगितलं.

दुखणं नेमकं कुठे होतं

पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी कार्यप्रणाली) चालवून आधी दोन्ही डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, वाचली. अशा वेळी लिनक्सही असं निवडावं जे डिस्क दिसली की आपण होऊन माउंट करत, म्हणजे वापरासाठी उघडत, नाही. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर थंबनेल बनवत बसणारा फाइल मॅनेजर कामाचा नाही.

स्मार्टमध्ये डझनभर ओळी येतात, पण पाहायच्या चारच. पाच क्रमांकाची ओळ सांगते की किती खराब सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) बाजूला काढून त्यांच्या जागी राखीव सेक्टर लावले गेलेत. १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकालाची वाट पाहत पडलेले सेक्टर. १९८ म्हणजे डिस्कने स्वतःच्या तपासणीत हात टेकलेले. आणि १९९ ही डिस्क आणि बोर्ड यांच्यातल्या दळणवळणातल्या चुकांची मोजणी. काकांच्या हार्डडिस्कवर पहिल्या तिन्ही ओळी फुगलेल्या होत्या आणि १९९ शून्यावर होती. या शून्याला मी बरीच किंमत देतो. तो आकडा वाढलेला असता तर आधी साटा केबल बदलून पाहिली असती. पुष्कळ धडधाकट डिस्क निव्वळ केबलपायी भंगारात जातात. इथे केबल निर्दोष होती आणि डिस्क आतूनच चालली होती.

एसएसडीची माहिती मात्र स्वच्छ निघाली. आयुष्य बऱ्यापैकी वापरलेलं, पण चूक एकही नाही. मग ती बूट का होईना?

उत्तर पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या वाटण्यांच्या, तक्त्यात होतं. हार्डडिस्कवर सर्वात आधी अर्ध्या जीबीच्या आसपासचं एक छोटं पार्टिशन होतं, नाव 'सिस्टम रिझर्व्हड', आणि बूटचा झेंडा, म्हणजे 'इथून सुरू करा' ही खूण, त्याच्यावर. त्याच्या पुढे अख्खा डी ड्राइव्ह. एसएसडीवर विंडोजचं मोठं पार्टिशन होतं, पण बूटचा झेंडा नव्हता आणि बूट मॅनेजरची फाइलही नव्हती. घोडं तिथेच पेंड खात होतं.

हे कसं होतं ते नीट सांगतो, कारण अशी मशीन पुष्कळ आहेत आणि ज्यांच्याकडे आहेत त्यांना याचा पत्ताही नसतो. जुन्या, म्हणजे लेगसी पद्धतीने सुरू होणारं मशीन बायोसमध्ये (बोर्डवरच्या मूळ प्रोग्राममध्ये) पहिल्या क्रमांकावर असलेल्या डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचतं. त्यातला इवलासा प्रोग्राम 'अॅक्टिव्ह' पार्टिशन शोधतो, तिथला बूट मॅनेजर उचलतो, बूट मॅनेजर आपली नोंदवही वाचतो आणि खरं विंडोज कुठे आहे ते त्याला तेव्हा कळतं. म्हणजे दार एका डिस्कवर आणि घर दुसऱ्या डिस्कवर असू शकतं. विंडोज बसवताना दोन्ही डिस्क जोडलेल्या असतील, तर सेटअप बूटच्या फाइली बायोसच्या यादीतल्या पहिल्या डिस्कवर टाकतो, मग तुम्ही विंडोजसाठी दुसरी डिस्क का निवडली असेना. काकांच्या मशीनमध्ये कधीकाळी एसएसडी नव्याने बसवली गेली, त्या वेळी हार्डडिस्क जोडलेलीच राहिली, आणि बायोसच्या यादीत तीच पहिली होती. यूईएफआय या सुरू होण्याच्या नव्या पद्धतीतही हाच प्रकार होतो. तिथे सेटअपला आधीपासून बूटच्या फाइलींचं एखादं ईएफआय पार्टिशन दिसलं तर तो तेच वापरून मोकळा होतो, ते कोणत्या डिस्कवर आहे याचा विचार करत नाही.

स्वतःच्या मशीनवर हे बघायला एक मिनिट पुरतं. डिस्क मॅनेजमेंट उघडा. ज्या पार्टिशनपुढे 'सिस्टम' लिहिलंय किंवा जिथे 'ईएफआय सिस्टम पार्टिशन' दिसतंय, ते आणि सी ड्राइव्ह एकाच डिस्कच्या पट्टीत आहेत का? नसतील, तर तुमचं मशीन दोन डिस्कच्या जिवावर चालू आहे. त्यातली कुठलीही एक गेली की मशीन बंद.

आधी डेटा, मग बाकी सगळं

काकांना घाई विंडोजची होती, मला डी ड्राइव्हची. बूट दुरुस्त करणं अर्ध्या तासाचं काम आहे आणि ते पुढच्या आठवड्यातही होतं. हार्डडिस्कचं तसं नव्हतं.

इथे लोक सवयीने चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासणारं साधन लावतात, तेही खराब सेक्टर शोधणाऱ्या पर्यायासकट. डिस्कची परत न येणारी हानी होते ती इथेच, असं माझं ठाम मत आहे. चेकडिस्क फाइल सिस्टम सुसंगत करायला बसलेला असतो, तुमच्या फाइली वाचवायला नव्हे. तो संपूर्ण डिस्क घासून वाचतो, जे वाचता येत नाही ते सोडून देतो, आणि वर त्याच आजारी डिस्कवर लिहीतही जातो. डिस्क खराब होत असताना तिच्यावर लिहिणारी कुठलीही गोष्ट नको. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा तोडगा अजून ऐकू येतो, तोही नको. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि उरलीसुरली आशा जाते.

योग्य वाट म्हणजे सेक्टरन् सेक्टरची प्रतिमा, डिस्कची हुबेहूब नक्कल. त्यासाठी मी ग्नू डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम वापरतो. २ टीबीची बाह्य डिस्क जोडली. ती फॅट३२ या जुन्या फाइल पद्धतीत असून चालत नाही, कारण तिथे एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही आणि आपल्याला तर जवळजवळ १ टीबीची एकच फाइल हवी होती. डीडीरेस्क्यूचं वैशिष्ट्य त्याच्या नकाशा फाइलमध्ये आहे: कोणता भाग वाचला, कोणता अडला, कुठे अजून गेलोच नाही, हे सगळं तो लिहून ठेवतो. वीज गेली, डिस्क मध्येच गायब झाली, तरी पुन्हा त्याच ठिकाणापासून सुरुवात. पहिल्या फेरीत त्याला सांगायचं की अडलेल्या जागी डोकं आपटू नको, सोपं सोपं आधी उचल. निरोगी डिस्कचा १ टीबी अशा वाचनात तीनेक तासांत निघतो. ही डिस्क रात्रभर चालली. अधूनमधून टक् टक् आवाज यायचा आणि वेग काही केबींवर यायचा. डिस्कसमोर छोटा पंखा लावून ठेवला होता, कारण तापलेली डिस्क आणखी चुका करते. दुसऱ्या फेरीत, थेट वाचन आणि तीन पुनर्प्रयत्न असे पर्याय देऊन, उरलेल्या जागा खरवडल्या. शेवटी न वाचलेला भाग काही एमबींवर आला. त्यानंतर हार्डडिस्क काढून पिशवीत घातली आणि पुन्हा कशालाही जोडली नाही.

आता खरा प्रश्न: ते काही एमबी कोणत्या फाइलींचे? डिस्कवरच्या मोकळ्या जागेतले असतील तर काहीच बिघडलं नाही. एखाद्या चालू कामाच्या ड्रॉइंगमधले असतील तर काकांचं महिन्याचं काम गेलं. हे शोधायची एक युक्ती डीडीरेस्क्यूमध्येच आहे आणि ती जितकी माहीत असायला हवी तितकी नाही. प्रतिमेची एक प्रत घ्यायची आणि नकाशा फाइलच्या आधारे न वाचलेल्या प्रत्येक सेक्टरमध्ये एक ओळखीचा मजकूर भरायचा, सहसा कुठल्याच फाइलीत नसेल असा. मग ती प्रत फक्त-वाचन पद्धतीने माउंट करायची आणि सगळ्या फाइलींत तो मजकूर शोधायचा. ज्या फाइलीत सापडला ती जखमी.

यादी छोटी निघाली. काही जुने फोटो, एका सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर आणि दोन ड्रॉइंग. त्यातलं एक चार वर्षांपूर्वी संपलेल्या कामाचं होतं. दुसरं चालू होतं, पण त्याच्या शेजारी सॉफ्टवेअरने आपोआप ठेवलेली मागच्या सेव्हची प्रत होती आणि ती शाबूत होती. ती उघडून काकांनी स्क्रीनवर एक जिना मोठा करून पाहिला, पायऱ्या मोजल्या आणि म्हणाले, "हाच. फक्त रेलिंग पुन्हा काढायचं."

जुनं विंडोज काही तासांसाठी उभं करणं

यानंतर सरळ नवीन ड्राइव्ह लावून विंडोज टाकता आलं असतं. पण काकांच्या ड्रॉइंग सॉफ्टवेअरचा परवाना एकाच मशीनपुरता होता आणि नव्या इन्स्टॉलेशनवर नेण्याआधी जुन्यावरून तो सोडवून घ्यावा लागणार होता. जुनं विंडोज सुरूच झालं नाही तर परवाना तिथेच अडकतो आणि मग कंपनीशी पत्रव्यवहार. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, प्लॉटरच्या (मोठी ड्रॉइंग छापणाऱ्या यंत्राच्या) सेटिंग, कोणकोणते प्रोग्राम होते त्यांची यादी, हे सगळंही जुनं विंडोज चालू असताना काढणं सोपं.

म्हणून एसएसडीला तिच्या स्वतःच्या पायावर उभं केलं. हार्डडिस्क जोडलेली नाही, विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू केलं आणि दुरुस्तीच्या पर्यायातून कमांड प्रॉम्प्ट उघडला. तिथे ड्राइव्हची अक्षरं वेगळी असू शकतात, म्हणून विंडोजचं फोल्डर कोणत्या अक्षरावर आहे ते आधी पाहून घ्यायचं. मग विंडोजच्या तीन कमांडनी तीन पावलं: डिस्कपार्टमध्ये एसएसडीचं विंडोज असलेलं पार्टिशन 'अॅक्टिव्ह' करायचं, बूटसेक्टने त्याच्यावर आणि डिस्कच्या पहिल्या सेक्टरवर बूटचा कोड लिहायचा, आणि बीसीडीबूटने बायोस प्रकारच्या बूट फाइली त्याच पार्टिशनवर टाकायच्या. पेन ड्राइव्ह काढून मशीन चालू केलं आणि विंडोज १० आलं. एसएसडी गेलीच नव्हती, हे काकांना तेव्हा पटलं.

डेस्कटॉप मात्र ओकाबोका दिसला आणि 'स्थान उपलब्ध नाही' असे संदेश आले, कारण डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप ही फोल्डरं कधीतरी डी वर हलवलेली होती. ही माहिती मोलाची ठरली. डेटा डी वर आणि सिस्टम सी वर असं काका सांगत असले तरी प्रत्यक्षात दोन्ही एकमेकांत गुंतलेले होते. इव्हेंट व्ह्यूअर उघडून पाहिला, तर डिस्कच्या नावाने सात क्रमांकाचा इव्हेंट, म्हणजे खराब ब्लॉक, कित्येक महिन्यांपासून येत होता. विंडोजने ते नोंदवलं होतं, पण तिथे जाऊन वाचणार कोण?

परवाना सोडवला. विंगेट या विंडोजच्या प्रोग्राम बसवणाऱ्या साधनाच्या एक्सपोर्टने प्रोग्रामची यादी घेतली, जरी विंगेटला न कळणारे प्रोग्राम हाताने लिहावे लागले. विंडोजचा डिजिटल परवाना काकांच्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडला. पीएसटी प्रकारची मेलची फाइल, प्लॉटरच्या पेन सेटिंग आणि नेहमीचे फाँट बाह्य डिस्कवर घेतले. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन, चालू नाही याची खात्री केली. ते चालू असतं तर ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय मी पुढचं एकही पाऊल टाकलं नसतं. आणि बोर्डच्या कंपनीच्या साइटवरून नेटवर्कचा ड्रायव्हर उतरवून ठेवला. विंडोज ११ चा सेटअप इंटरनेट मागतो, आणि ड्रायव्हरच नसेल तर ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट कुठून आणणार?

क्लोन की कोरं विंडोज

काकांचा कल क्लोनकडे होता. "आहे तसं उचलून नव्यावर ठेव ना," त्यांचं म्हणणं. यात चूक काही नव्हती. एसएसडी निरोगी होती, क्लोन झाला असता, आणि जुन्या एमबीआर तक्त्याचं नव्या जीपीटी तक्त्यात रूपांतर करणारं 'एमबीआर टू जीपीटी' हे विंडोजचंच साधन वापरून ती यूईएफआयवरही नेता आली असती. सगळीकडे कोरं विंडोज टाकायचा माझा आग्रह नसतो. निरोगी डिस्कवरून मोठ्या डिस्कवर जायचं असेल तर क्लोनच बरा.

इथे दोन गोष्टी आड आल्या. महिनाभर मशीन पॉवर बटणाने बंद केलं जात होतं, आणि सिस्टम फाइल तपासणाऱ्या एसएफसीने बिघडलेल्या फाइली सापडल्याचं आणि त्यातल्या काही दुरुस्त करता न आल्याचं सांगितलं. दुसरं, विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आठव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसतो. मग मोडकं विंडोज १० आधी दुरुस्त करायचं, मग रूपांतर करायचं, मग अपग्रेड करायचं, यापेक्षा कोरं विंडोज ११ सरळ वाटलं. काका तयार झाले, कारण परवाना हातात आला होता.

नवीन ड्राइव्ह ५०० जीबीची एनव्हीएमई घेतली, म्हणजे साटापेक्षा वेगवान जोडणीची, एम.२ खाचेत बसणारी. एम.२ हे फक्त खाचेचं आणि आकाराचं नाव आहे. त्याच खाचेत साटा ड्राइव्हही बसते आणि एनव्हीएमईही, पण दोन्ही चालतील याची हमी नसते. बोर्डच्या पुस्तिकेत दोन गोष्टी वाचल्या: खाच एनव्हीएमई घेते का, आणि ती वापरली की कोणतं साटा पोर्ट बंद पडतं. अनेक बोर्डांवर हे पोर्ट एकमेकांत वाटलेले असतात, आणि मग 'नवीन ड्राइव्ह लावली आणि जुनी गायब झाली' अशी तक्रार येते. लांबी २२८०, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. बसवताना आधी टेकूचा खिळा ८० च्या भोकात आहे ना ते पाहायचं. टेकू नसताना स्क्रू आवळला तर ड्राइव्ह वाकते.

त्यानंतर फर्मवेअर, म्हणजे बोर्डमधला मूळ प्रोग्राम. आधी बायोस अपडेट, मग सेटिंग, उलट नाही, कारण अपडेटनंतर सेटिंग पुन्हा मूळ पदावर जाऊ शकतात. लेगसी बूटला आधार देणारं सीएसएम बंद केलं, इंटेलचं प्लॅटफॉर्म ट्रस्ट टेक्नॉलॉजी चालू केलं, म्हणजे विंडोज ११ ला लागणारं टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) मिळालं, आणि फक्त विश्वासातला बूट कोड चालू देणारं सिक्युअर बूट चालू केलं. ज्यांच्याकडे फार जुनं ग्राफिक कार्ड आहे त्यांनी सीएसएम बंद करताना सावध राहावं. कार्डला यूईएफआय कळत नसेल तर पडद्यावर काहीच येत नाही. आणि सीएसएम बंद झालं की एमबीआरवरचं जुनं विंडोज सुरू होत नाही. परवाना आधी सोडवला तो यासाठीही.

बसवताना एकच ड्राइव्ह

या प्रकरणातला सगळा गोंधळ ज्या एका गोष्टीने टळला असता ती आता केली: नवीन ड्राइव्ह सोडून बाकी सगळ्या डिस्क काढल्या. साटाची केबल काढली, बाह्य डिस्कही काढली. आत फक्त एनव्हीएमई आणि बाहेर विंडोजचा पेन ड्राइव्ह. काकांनी विचारलं, "सेटअपमध्ये आपण ड्राइव्ह निवडतोच की, मग केबल कशाला काढायची?" निवड फक्त विंडोजच्या फोल्डरची असते, बूटच्या फाइलींची नसते. दुसरी डिस्क जोडलेलीच नसेल तर सेटअपला चुकायला जागाच उरत नाही. शिवाय 'डिस्क ०' आणि 'डिस्क १' यांत गफलत होऊन डेटाची डिस्क पुसली जाण्याची धास्तीही राहत नाही.

बूट मेनूत एकच पेन ड्राइव्ह कधीकधी दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा 'यूईएफआय' शब्द पुढे लावून. दुसरा निवडायचा, कारण सेटअप ज्या पद्धतीने सुरू होतो त्याच पद्धतीने विंडोज बसतं. सीएसएम बंद असल्याने इथे एकच दिसला. की विचारली तेव्हा 'माझ्याकडे की नाही' निवडलं आणि आवृत्ती जुनी होती तीच घेतली. बोर्ड तोच असल्याने डिजिटल परवाना नंतर आपोआप लागला. बोर्ड बदललं असतं किंवा होमच्या जागी प्रो निवडलं असतं तर लागला नसता. ड्राइव्हवर 'न वाटलेली जागा' निवडून पुढे गेलो. पार्टिशन हाताने पाडत बसलो नाही. सेटअपने स्वतःच १०० एमबीचं ईएफआय पार्टिशन, १६ एमबीचं राखीव, मग विंडोजचं आणि शेवटी रिकव्हरीचं केलं. अकराव्या पिढीपासूनच्या अनेक इंटेल मशीनवर या टप्प्याला ड्राइव्ह दिसतच नाही, कारण व्हीएमडी हे इंटेलचं ड्राइव्ह सांभाळणारं सेटिंग चालू असतं. तिथे इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून द्यावा लागतो. ड्राइव्ह खराब आली म्हणून परत करण्याआधी हे बघावं.

विंडोज आलं. दुसरी कुठलीही डिस्क जोडण्याआधी मशीन पूर्ण बंद करून, वीज काढून, पुन्हा पुन्हा सुरू करून पाहिलं. सिस्टम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोडपुढे यूईएफआय आणि सिक्युअर बूटपुढे 'ऑन' होतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ईएफआय पार्टिशन आणि सी एकाच पट्टीत होते. तेव्हा कुठे नवीन हार्डडिस्क जोडली, जीपीटी पद्धतीने तयार केली, डी नाव दिलं आणि प्रतिमेतून फाइली उतरवल्या.

इथे परवानगीचा अडथळा आला. नव्या विंडोजमधलं काकांचं खातं नावाने तेच असलं तरी आतला ओळख क्रमांक वेगळा असतो, आणि जुन्या फाइलींवर जुन्या क्रमांकाची मालकी असते. काही फोल्डर उघडताना 'परवानगी नाही' येतं. मूळ फोल्डरच्या मालकीत खाडाखोड करण्यापेक्षा फाइली नव्या जागी कॉपी कराव्यात. कॉपी नव्या खात्याच्या मालकीची होते आणि मूळ जसंच्या तसं राहतं. प्रतिमा लिनक्समधून वाचली तर ही परवानगी आडवी येतही नाही, आणि मी तेच केलं.

एक गोष्ट मी मुद्दाम तपासली. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून कोऱ्या इन्स्टॉलेशनमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन बहुधा आपोआप चालू होतं. काकांकडेही झालं होतं आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. रिकव्हरी की त्यांच्या खात्यात जमा झाली होती. ती कागदावर उतरवून घेतली आणि काकांनी ती घराच्या कागदपत्रांच्या फायलीत लावली. आता ही ड्राइव्ह काढून दुसऱ्या मशीनला लावली, तर त्या ४८ अंकांशिवाय काही वाचता येणार नाही. आधीच्या विंडोजची एसएसडी लिनक्समध्ये सहज उघडली होती, तशी ही उघडणार नाही. त्यामुळे बॅकअपची गरज वाढली आहे. फाइल हिस्टरी बाह्य डिस्कवर लावली, आणि चालू कामांचं फोल्डर आठवड्यातून एकदा दुसऱ्या एका डिस्कवर जातं, जी एरवी मशीनला जोडलेली नसते.

जुनी एसएसडी अजून पुसलेली नाही, ती यूएसबीच्या खोक्यात आहे. पुढे काही आठवड्यांनी प्लॉटरवर रेषांच्या जाड्या चुकीच्या यायला लागल्या तेव्हा तिचा उपयोग झाला. आधी घेतलेल्या पेन सेटिंगमध्ये एक फाइल नव्हती. ती युजर फोल्डरमधल्या लपलेल्या अॅपडेटामध्ये, सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीच्या नावाखाली होती. हे फोल्डर 'माझ्या फाइली' म्हणून कुणी मोजत नाही आणि खऱ्या सवयी तिथेच साठलेल्या असतात. हातातली सगळी कामं एकदा नव्या मशीनवरून छापून निघाली की एसएसडी पुसायची असं ठरलंय. पुसताना डिस्कपार्टचं साधं क्लीन पुरणार नाही, ते फक्त पार्टिशनचा तक्ता उडवतं. एसएसडीच्या फर्मवेअरमधली सिक्युअर इरेजची आज्ञा द्यावी लागेल, आणि त्यासाठी ती यूएसबीच्या खोक्यातून काढून थेट साटा पोर्टला लावावी लागेल, कारण बरीचशी खोकी ही आज्ञा आतपर्यंत पोहोचू देत नाहीत. त्या वेळी नवीन डी ची केबल काढून ठेवायची.